आकडा

वडील वाशीच्या मार्केटात तोलणार होते.
काटा थरथरायचा थांबेपर्यंत श्वास धरून उभे राहायचे,
मग वजन पुकारायचे,
शेतकऱ्याला, अडत्याला, चहाच्या पोऱ्यालाही ऐकू जाईल असं.
गुपचूप केलेलं वजन म्हणजे चोरी,
एवढंच त्यांचं शास्त्र.

मी महाप्याला काचेच्या इमारतीत बसते.
माथाडींच्या पतपेढीने निवडणुकीसाठी
माझ्याकडे मागितलं ते जवळजवळ उलटं:
मत कुणाचं, ते कुणालाच कळू नये.
बेरीज मात्र चहाच्या पोऱ्यालाही करता यावी.

तीन महिने गेले.
वही अशी केली की प्रत्येक पानाच्या कपाळावर
मागच्या पानाचा ठसा.
मधलं एक फाडाल तर पुढची सगळी बोंब मारतील.
आणि वही एका कपाटात नाही,
तुर्भ्याला, घणसोलीला, कळंबोलीच्या वजनकाट्यावर,
ज्याला हवी त्याच्या फोनमध्ये,
अक्षरन् अक्षर तीच.

मतं शिवलेल्या गोणीत.
एकही गोणी फोडायची नाही.
सगळ्या एकदम काट्यावर,
आणि कुलूप उघडायचं ते फक्त बेरजेचं.
किल्लीचे तुकडे पाच, तीन जमल्याशिवाय फिरत नाही.
हे पाच जण एकमेकांच्या लग्नालाही जात नाहीत,
चौकशी करून निवडलेत.

कोपरखैरण्याच्या सभेत हिंदुराव चाळक्यांनी हात वर केला.
"पावती मिळंल का?"
मिळेल.
"तीवर माझं मत दिसंल?"
नाही. गोणी चढली, एवढंच दिसेल.
आत कांदा की बटाटा, ते नाही.
"का? माझंच हाय की."

मी मागच्या भिंतीकडे पाहिलं.
टोळीचा मुकादम टेकून दात कोरत होता.
तुम्हाला दाखवता आलं, तर तो बघायला मागेल,
हे मी बोलले नाही.
हिंदुरावांनी माझ्या नजरेमागे मान वळवली
आणि खाली बसले.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी, पाच वाजायला दहा मिनिटं असताना,
मुकादमाच्या मेहुण्यासमोर त्यांचाच अर्ज.
निशाणी मागितली आकडा,
गोणीत खुपसतात तो, लोखंडी.

सातशे बारा मतं.
बेरीज जुळली.
चहाच्या पोऱ्याचं आता स्वतःचं दुकान आहे,
त्याने गल्ल्यावर बसून, दोनदा, आपल्या फोनवर जुळवली
आणि वडिलांच्या थाटात पुकारली.
छत्री इतकी, शिडी इतकी.
आकडा, एक.

बाकीच्यांना भीती होती,
की माझ्या गोणीवर विश्वास नव्हता,
की हिंदुरावच कुणाला आवडत नव्हते,
हे माझ्या गणितात येत नाही.
माझ्या गणितात एवढंच येतं की एक म्हणजे एक.
आणि चाळक्यांच्या घरात सभासद दोन:
ते, आणि कांदा निवडणाऱ्या पारूबाई.

दुसऱ्या रात्री कांदा-बटाट्याच्या गेटाबाहेर भेटले.
"ते एक कुणाचं, काढता येतंय का?"
नाही काका. किल्लीचे तुकडे सगळ्यांसमोर मोडले,
आता मलाही नाही येत.
खरं सांगायचं तर तेव्हा पहिल्यांदाच
मला ते यावंसं वाटलं.

"बेस झालं," म्हणाले.
बिडी पेटवली, ओढली नाही.
"मी तिला सांगितलं, ते मत माझं.
म्हटलं, तू दुसऱ्याला दिलं असशील तर दे बापडी,
मनात ठिवू नको.
तर ती म्हणती,
न्हाई, ते माझं हाय."

गाडी लागली होती, लासलगावची.
खांद्यावर आकडा अडकवून ते आत गेले.